गेम बॉय

हातात धरून खेळावयाचे, विद्युत् घटांवर चालणारे आणि ज्यात खेळ बदलता येतात असे इलेक्ट्रॉनीय खेळयंत्र. जपानमधील क्योटो येथील निंटेंडो या कंपनीने ते २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये, त्याच वर्षी जुलैअखेरीस अमेरिकेत आणि सप्टेंबर १९९० मध्ये यूरोपात विक्रीस आणले. मूळ यंत्र व १९९८ मधील त्याची रंगीत आवृत्ती यांचे मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक नग विकले गेले. याच काळात बाजारात आलेल्या प्रतिस्पर्धी यंत्रांचे पडदे रंगीत व स्वयंप्रकाशित होते. गेम बॉयचा पडदा एकरंगी, हिरवट व बाहेरच्या उजेडावर अवलंबून असलेला होता. पडदा, रंग आणि चित्रनिर्मितीची क्षमता या तिन्ही बाबतींत मागे असलेले यंत्र खपाच्या बाबतीत मात्र फार पुढे राहिले. यंत्राची गुणवत्ता कशावरून ठरवावी, हा प्रश्न या घटनेमुळे पुढे आला. जुन्या खेळयंत्रांच्या पुनरुज्जीवनाच्या काळात, म्हणजे एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत, तो पुन्हा नव्याने विचारला जाऊ लागला.

पूर्वेतिहास : फूसाजिरो यामाउची यांनी १८८९ मध्ये स्थापन केलेली निंटेंडो ही मुळात हानाफुदा या जपानी पत्त्यांची निर्मिती करणारी संस्था होती. दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिकीचे शिक्षण घेतलेले गुंपेई योकोई (१९४१–९७) हे १९६५ मध्ये पत्त्यांच्या कारखान्यातील यंत्रांची देखभाल करण्यासाठी तेथे रुजू झाले. फावल्या वेळात त्यांनी बनविलेला लांबविता येणारा पकड-हात कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची (१९२७–२०१३) यांच्या नजरेस पडला आणि १९६६ मध्ये तो ‘अल्ट्रा हँड’ या नावाने खेळणे म्हणून विकला गेला. त्याचा खप दहा लाखांवर गेला. तेव्हापासून योकोई हे कंपनीचे खेळणी-रचनाकार बनले.

१९७० नंतरच्या दशकात खिशात मावणाऱ्या गणकयंत्रांच्या उत्पादनात जपानी कंपन्यांमध्ये तीव्र स्पर्धा चालू होती. तिच्यामुळे द्रवस्फटिक पडदे व संकलित मंडले अतिशय स्वस्त झाली. आगगाडीतील एक प्रवासी कंटाळा घालविण्यासाठी गणकयंत्राच्या कळांशी चाळा करीत असलेला पाहून योकोई यांना खिशातील खेळयंत्राची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. एप्रिल १९८० मध्ये सुरू झालेली ‘गेम अँड वॉच’ ही मालिका हे तिचे मूर्त रूप होय. या मालिकेतील प्रत्येक यंत्रात सामान्यतः एकच खेळ असे. आकृत्या पडद्यावर आधीच कोरलेल्या असत व विद्युत् प्रवाहाने त्या दृश्य किंवा अदृश्य होत. उरलेल्या वेळी यंत्र घड्याळाचे काम करी. मालिकेची एकूण विक्री ४ कोटी ३० लाखांच्या पुढे गेली. तिच्यातील १९८२ च्या ‘डाँकी काँग’ या घडीच्या यंत्रात अधिक चिन्हाच्या आकाराची दिशादर्शक कळ प्रथम वापरण्यात आली. एकाच अंगठ्याने चारही दिशा नियंत्रित करणारी ही चपटी कळ पुढे बहुतेक सर्व खेळयंत्रांनी स्वीकारली.

खेळ बदलता येणारे पहिले हस्तयंत्र मात्र अमेरिकेत झाले. मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९७९ मध्ये आणलेल्या ‘मायक्रोव्हिजन’ या यंत्राचा पडदा १६ × १६, म्हणजे अवघ्या २५६ चित्रबिंदूंचा होता. त्यात प्रक्रियक यंत्रामध्ये नसून प्रत्येक खेळाच्या कार्ट्रिजमध्ये (भारतात जिला सर्रास ‘कॅसेट’ म्हटले जाते तिच्यात) बसविलेला असे. त्यामुळे प्रत्येक नव्या खेळाबरोबर ग्राहकास प्रक्रियकाचीही किंमत मोजावी लागे. पडद्याच्या मर्यादा, स्थिर विद्युतेमुळे होणारे बिघाड आणि खेळांची तुटपुंजी संख्या यांमुळे हे यंत्र थोड्याच वर्षांत मागे पडले. साधेपणा व स्वस्ताई एवढ्याने यश मिळत नाही, हे या उदाहरणावरून दिसून येते.

विचारसूत्र : योकोई यांच्या रचनापद्धतीचे सूत्र जपानीत ‘सुकलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार’ अशा अर्थाच्या शब्दांत सांगितले जाते. येथे ‘सुकलेले’ याचा अर्थ टाकाऊ असा नसून ज्याचे गुणदोष पूर्ण कळले आहेत, जे विपुल व स्वस्त उपलब्ध आहे, असे पुरते मुरलेले तंत्रज्ञान असा आहे. ‘आडवा विचार’ म्हणजे ते मूळ उपयोगातून काढून अनपेक्षित ठिकाणी वापरणे. गणकयंत्राच्या पडद्यावर खेळ मांडणे हे त्याचे सरळ उदाहरण होय. गेम बॉयच्या घडणीत योकोई यांच्याबरोबर सातोरू ओकादा यांचा मोठा वाटा होता. हे यंत्र अल्पायुषी खेळणे न होता दीर्घकाळ नवे खेळ सामावून घेईल असे असावे, या आग्रहाचे श्रेय ओकादा यांना दिले जाते.

रचना : गेम बॉयचा आकार १४८ × ९० × ३२ मिमी. असून घटांवाचून त्याचे वजन सु. २२० ग्रॅ. आहे. त्यातील शार्प कंपनीने बनविलेला प्रक्रियक ८ बिटांचा असून तो सु. ४.१९ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेवर चालतो. त्याचा आज्ञासंच इंटेल ८०८० (१९७४) आणि झायलॉग झेड ८० (१९७६) या प्रक्रियकांच्या कुळातील आहे. म्हणजे यंत्र बाजारात आले तेव्हा त्याच्या प्रक्रियकाचे घराणे जवळजवळ पंधरा वर्षांचे जुने होते. तथापि या जुनेपणामुळेच आज्ञावली लिहिणाऱ्यांना ते घराणे परिचित होते आणि उत्पादनातील दोष आधीच निस्तरले गेले होते.

यंत्रातील कामाची स्मृती ८ किलोबाइट व चित्रांची स्मृती ८ किलोबाइट आहे. पडदा १६० × १४४ चित्रबिंदूंचा असून प्रत्येक बिंदू चार छटांपैकी एक छटा घेतो. पडद्यावरील चित्र बिंदूबिंदूने साठवून न ठेवता ८ × ८ बिंदूंच्या लहान फरश्यांच्या रूपात ठेवलेले असते. एका फरशीस १६ बाइट लागतात. ३८४ फरश्यांना मिळून ६,१४४ बाइट आणि त्या कोठे मांडावयाच्या याच्या दोन नकाशांना २,०४८ बाइट, असे एकूण नेमके ८,१९२ बाइट, म्हणजे ८ किलोबाइट होतात. दृश्य पडद्यावर २० × १८, म्हणजे ३६० फरश्या मावतात. पार्श्वभूमी सरकवावयाची झाल्यास फरश्या पुन्हा रेखाटाव्या लागत नाहीत. नकाशाचा आरंभबिंदू तेवढा बदलावा लागतो. त्यामुळे मंद प्रक्रियकालाही पडदाभर चित्र सहज हलविता येते. हलत्या आकृत्यांसाठी वेगळी सोय असून एका वेळी अशा ४० आकृत्या दाखविता येतात. मात्र एका आडव्या ओळीत दहापेक्षा अधिक आल्यास उरलेल्या दिसत नाहीत. अशा बंधनांमुळे खेळकारांना मोजक्या आकृत्यांत खेळ बसवावा लागे.

स्मृतीच्या बाबतीतही हीच काटकसर दिसते. प्रक्रियकास कार्ट्रिजमधील ३२ किलोबाइटच थेट वाचता येतात. मोठ्या खेळांसाठी स्मृतीचे निरनिराळे विभाग आळीपाळीने जोडून देणारे संकलित मंडल यंत्राऐवजी कार्ट्रिजमध्ये बसविले जाई. त्यामुळे यंत्राची किंमत न वाढविता पुढील काळात १ मेगाबाइट व त्याहूनही मोठे खेळ त्याच यंत्रावर चालू शकले. मायक्रोव्हिजनने प्रक्रियक कार्ट्रिजमध्ये घातला होता. गेम बॉयने प्रक्रियक यंत्रात ठेवला आणि वाढीव खर्च ज्या खेळास खरोखर लागतो त्याच्याच माथी टाकला. खर्चाची ही वाटणी या यंत्राच्या दीर्घायुष्याचे एक प्रमुख कारण ठरली.

इतर तपशीलही विचारपूर्वक ठरविलेले होते. चालू करण्याची सरकती कळ कार्ट्रिजच्या खाचेत अडकत असल्याने यंत्र चालू असताना कार्ट्रिज काढता येत नसे. दोन यंत्रे तारेने जोडून दोघांना समोरासमोर खेळता येई. यंत्राच्या स्वतःच्या ध्वनिक्षेपकातून आवाज एकेरी येई. परंतु कर्णश्रवणी लावल्यास दोन्ही कानांत वेगवेगळा ध्वनी मिळे. यंत्र दणकट होते. आखाती युद्धात (१९९०–९१) होरपळूनही चालू राहिलेला एक गेम बॉय निंटेंडोच्या न्यूयॉर्क येथील दालनात अनेक वर्षे प्रदर्शनार्थ ठेवलेला होता. रशियन अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रॉव्ह यांनी १९९३ मध्ये एक गेम बॉय अंतराळात नेला होता.

पडदा व विद्युत् घट : सर्वांत मोठी तडजोड पडद्याच्या बाबतीत झाली. गेम बॉयच्या द्रवस्फटिक पडद्यास स्वतःचा प्रकाश नाही. समोरून पडलेला प्रकाश परावर्तित होऊन चित्र दिसते. शिवाय प्रत्येक चित्रबिंदूस स्वतंत्र ट्रँझिस्टर नसल्याने बिंदूची छटा सावकाश बदलते व वेगाने सरकणाऱ्या आकृतीमागे तिची पुसट सावली रेंगाळते. रात्री दिव्याखाली नीट कोन साधल्याशिवाय खेळता येत नसे. कडेच्या चकतीने छटांतील भेद कमीजास्त करता येई, पण अंधारावर तो उपाय नव्हता. ग्राहकांची ही गैरसोय काल्पनिक नव्हती. पडद्यास जोडावयाचे दिवे व भिंगे बनविणाऱ्यांचा एक स्वतंत्र व्यवसायच तिच्यावर उभा राहिला.

या तडजोडीचा मोबदला घटांच्या आयुष्यात मिळाला. बाजारात ‘पेन्सिल सेल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चार घटांवर गेम बॉय सु. पंधरा तास किंवा त्याहून अधिक काळ चाले. पडदा उजळविणारी प्रतिदीप्त नलिका बसविलेल्या प्रतिस्पर्धी यंत्रांना सहा घट लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. शंभर तासांच्या खेळाचा हिशेब केल्यास गेम बॉयला २७-२८ घट पुरतात. चार तास चालणाऱ्या सहा घटांच्या यंत्रास १५० लागतात. यंत्र एकदाच विकत घ्यावयाचे असते, घट मात्र वारंवार. मुलांच्या खेळण्याची खरी किंमत दुकानातील चिठ्ठीवर पूर्णपणे लिहिलेली नसते, ती पालकांच्या महिन्याच्या खर्चात उतरते. गेम बॉयच्या रचनाकारांनी हा पुढचा खर्चही जमेस धरला होता, असे म्हणता येईल.

प्रतिस्पर्धी यंत्रे : अटारी कंपनीचे ‘लिंक्स’ हे यंत्र १९८९ च्या उत्तरार्धात अमेरिकेत सु. १८० डॉलरना विक्रीस आले. गेम बॉयची तेथील किंमत सु. ९० डॉलर व जपानमधील १२,५०० येन होती. लिंक्सची मूळ रचना एपिक्स या कंपनीत आर. जे. मायकल व डेव्ह नीडल यांनी केली होती. हे दोघेही पूर्वी अमिगा या संगणकाच्या घडणीत सहभागी होते. लिंक्सचा पडदा रंगीत, प्रकाशित व १६० × १०२ चित्रबिंदूंचा होता. आकृत्या लहानमोठ्या करण्याची सोय त्याच्या मंडलातच असल्याने खोलीचा आभास निर्माण करणारे खेळ त्यावर चांगले चालत. डावखुऱ्यांसाठी यंत्र उलटे धरण्याचीही त्यात योजना होती. परंतु त्याचे आकारमान मोठे, किंमत दुप्पट आणि खेळांची संख्या कमी होती. १९९१ मध्ये सुधारित आवृत्तीची किंमत सु. १०० डॉलरपर्यंत उतरविण्यात आली, तेव्हा फार उशीर झाला होता.

सेगा कंपनीचे ‘गेम गिअर’ ऑक्टोबर १९९० मध्ये जपानमध्ये १९,८०० येनना आणि १९९१ मध्ये अमेरिकेत सु. १५० डॉलरना विक्रीस आले. त्याच कंपनीच्या ‘मास्टर सिस्टिम’ या घरगुती यंत्रावर ते आधारलेले असून त्यात झेड ८० प्रक्रियक होता. पडद्याचे चित्रबिंदू गेम बॉयइतकेच, म्हणजे १६० × १४४ होते. मात्र ४,०९६ रंगांतून निवडलेले ३२ रंग एकाच वेळी दाखविता येत. त्याच्याही पडद्यावर हलत्या चित्रांची सावली रेंगाळे, हे येथे नमूद केले पाहिजे. त्याची विक्री १ कोटीच्या वर गेली. हा आकडा अपयशाचा म्हणता येणार नाही. तो केवळ गेम बॉयच्या शेजारी ठेवल्याने लहान दिसतो. एनईसी कंपनीचे १९९० चे ‘पीसी एंजिन जीटी’ हे तर घरगुती यंत्राचे खेळ जसेच्या तसे चालवीत असे; पण त्याची अमेरिकेतील किंमत सु. २५० डॉलर होती व सहा घट सु. तीन तासच पुरत.

टेट्रिस : कोणत्याही खेळयंत्राचे मूल्य अखेर त्यावरील खेळांवर अवलंबून असते. ‘टेट्रिस’ हा खेळ मॉस्को येथील संगणक केंद्रात काम करणारे अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये रचला. हेंक रॉजर्स यांनी १९८९ च्या आरंभी मॉस्कोला जाऊन इलॉर्ग या सोव्हिएट संस्थेकडून हस्तयंत्रांसाठीचे हक्क मिळविले आणि अमेरिका व यूरोपात हा खेळ गेम बॉयबरोबर एकाच खोक्यात दिला गेला. ही निवड यंत्राच्या दोषांना नेमकी साजेशी होती. टेट्रिसमध्ये पार्श्वभूमी सरकत नाही, त्यामुळे रेंगाळणारी सावली खटकत नाही. तुकडे आकारावरून ओळखता येतात, त्यामुळे रंगांची उणीव भासत नाही. डाव लहान असल्याने बस वा आगगाडीच्या प्रवासात तो पुरा होतो. संपूर्ण खेळ ३२ किलोबाइटमध्ये मावत असल्याने कार्ट्रिजही साधी पुरते. शिवाय तो मुलांइतकाच प्रौढांनाही रुचला. त्याच्या या आवृत्तीच्या सु. साडेतीन कोटी प्रती वितरित झाल्या.

दुसरा महत्त्वाचा खेळ म्हणजे फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानमध्ये आलेला सातोशी ताजिरी यांचा ‘पोकेमॉन’ होय. जोड-तारेतून एका यंत्रातील प्राणी दुसऱ्यात पाठविण्याची कल्पना हा त्याचा गाभा होता. सात वर्षांचे जुने, कालबाह्य समजले जाऊ लागलेले यंत्र त्यामुळे पुन्हा मागणीत आले. स्पर्धेच्या खेळांसाठी दिलेल्या तारेचा देवघेवीसाठी झालेला हा उपयोग योकोई यांच्या ‘आडव्या विचारा’चेच उदाहरण म्हणता येईल.

मूल्यमापन : ‘दुबळ्या यंत्राने बलवान यंत्रांना हरविले’ अशा बोधकथेच्या रूपात गेम बॉयचा इतिहास वारंवार सांगितला जातो. तो तसा स्वीकारताना सावधगिरी बाळगली पाहिजे. १९८९ मध्ये घरगुती खेळयंत्रांच्या बाजारात निंटेंडोचे जपान व अमेरिका या दोन्ही देशांत वर्चस्व होते. दुकानदार, खेळनिर्माते व जाहिरात यांचे जाळे तयार होते. गेम बॉयच्या यशातील यंत्ररचनेचा वाटा या जाळ्यापासून पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. शिवाय स्वस्त व मुरलेले तंत्रज्ञान वापरणे हे यशाचे हमखास सूत्र नव्हे. योकोई यांनीच घडविलेले ‘व्हर्च्युअल बॉय’ (१९९५) हे यंत्र तांबड्या प्रकाश-उत्सर्जक एकदिक्‌वाहकांच्या जुन्या, स्वस्त तंत्रावर उभारलेले होते. परंतु ते ना हातात धरता येई, ना अंगावर घालता येई. त्यात डोळे लावून वाकून बसावे लागे. त्याची विक्री दहा लाखांपर्यंतही पोहोचली नाही. योकोई यांनी १९९६ मध्ये कंपनी सोडली आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्या सहभागाने आखले गेलेले व त्यांच्या पश्चात १९९९ मध्ये बंदाई कंपनीने ४,८०० येनना आणलेले ‘वंडरस्वॉन’ एकाच पेन्सिल सेलवर तीस तासांहून अधिक काळ चाले. किंमत व घटांचा खर्च या दोन्ही बाबतींत ते गेम बॉयच्याही पुढे होते. तरीही त्याचा प्रसार मुख्यतः जपानपुरताच मर्यादित राहिला.

या तीन यंत्रांची तुलना केली असता असे दिसते, की तडजोड स्वस्त होती की महाग हा खरा प्रश्न नाही; ती कोणत्या उपयोगासाठी केली हा आहे. गेम बॉयमधील प्रत्येक त्याग—रंगाचा, प्रकाशाचा, वेगाचा—एकाच हेतूने केलेला होता : यंत्र खिशात वा दप्तरात घेऊन कोठेही जाता यावे व तेथे ते चालू असावे. व्हर्च्युअल बॉयमध्ये त्याग होता, पण त्यातून साधणारा उपयोग स्पष्ट नव्हता. लिंक्स व गेम गिअर यांनी दुकानातील तुलनेत उठून दिसणारे गुण निवडले. पण मिळालेली क्षमता विद्युत् पुरवठ्याजवळ बसूनच उपभोगता येत असल्याने हस्तयंत्राचे मूळ प्रयोजन अंशतः नाहीसे झाले.

उत्तरकालीन आवृत्त्या : पडद्याची उणीव निंटेंडोनेही ओळखली होती; मात्र ती दूर करण्यास दीर्घ काळ लागला. १९९६ मधील ‘गेम बॉय पॉकेट’मध्ये अधिक स्पष्ट, हिरवट झाक नसलेला पडदा व लहान आकार आला. १९९८ च्या एप्रिलमध्ये केवळ जपानमध्ये निघालेल्या ‘गेम बॉय लाइट’मध्ये पडद्यामागे प्रकाश देण्यात आला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ‘गेम बॉय कलर’ आले. त्यात रंग व दुप्पट वेगाचा प्रक्रियक होता आणि जुने खेळही त्यावर चालत. ३२ बिटांचा प्रक्रियक असलेले ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ मार्च २००१ मध्ये ९,८०० येनना विक्रीस आले. दोन घटांवर ते सु. पंधरा तास चाले, परंतु पडदा पुन्हा अप्रकाशितच होता व त्याबद्दल तीव्र नापसंती व्यक्त झाली. २००३ मधील ‘ॲडव्हान्स एसपी’ या घडीच्या आवृत्तीत प्रकाश व पुनर्भारणक्षम घट आल्यावरच हा प्रश्न सुटला. लिथियम घट व कमी ऊर्जेत उजळणारे दिवे स्वस्त होईपर्यंत कंपनी थांबली, असा याचा अर्थ होतो. त्या चौदा वर्षांची झळ मात्र मंद उजेडात डोळे ताणणाऱ्या खेळाडूंना सोसावी लागली. यशस्वी तडजोडीचीही किंमत असते व ती बहुधा वापरणारा देतो, ही बाब निंटेंडोच्या गौरवकथांत सहसा येत नाही.

हाच वाद २००४ मध्ये वेगळ्या स्वरूपात पुन्हा झाला. सोनी कंपनीच्या ‘प्लेस्टेशन पोर्टेबल’चा ४८० × २७२ चित्रबिंदूंचा रुंद पडदा व चित्रनिर्मितीची क्षमता ‘निंटेंडो डीएस’पेक्षा सरस होती, अमेरिकेत पहिल्याची किंमत सु. २५० डॉलर, तर दुसऱ्याची सु. १५० डॉलर होती. डीएसची विक्री १५ कोटी ४० लाख झाली व सोनीच्या यंत्राची सु. ८ कोटी.

पुनरुज्जीवन : मूळ गेम बॉय यंत्रे आता जीर्ण होत आहेत. पडद्याच्या जोडण्या सैल होऊन त्यावर उभ्या रेषा दिसेनाशा होतात. काही कार्ट्रिजमध्ये खेळाची प्रगती जतन करणारा लहान घट असतो. तो संपला की जतन केलेले सर्व पुसले जाते. गेम गिअरमधील विद्युत् विच्छेद्य धारित्रे गळून ध्वनी व चित्र क्षीण होणे हा तर सर्वपरिचित दोष आहे. हौशी कारागीर धारित्रे बदलतात, नवे प्रकाशित पडदे बसवितात. त्याचबरोबर जुने खेळ चालविणारी नवी यंत्रेही निघाली आहेत.

या नव्या यंत्रांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात, अंतर्गत जोडणी निर्मितीनंतरही बदलता येते अशा संकलित मंडलाच्या साहाय्याने जुन्या मंडलाचीच प्रतिकृती उभारलेली असते. डिसेंबर २०२१ मध्ये आलेले सु. २२० डॉलर किंमतीचे ‘ॲनालॉग पॉकेट’ या वर्गात मोडते. त्याचा पडदा १,६०० × १,४४० चित्रबिंदूंचा आहे. म्हणजे मूळचा एक बिंदू आडव्या व उभ्या दिशेने बरोबर दहा बिंदूंनी रेखाटला जातो व मूळ पडद्याची जाळीही दाखविता येते. २०२४ मधील सु. २०० डॉलरच्या ‘क्रोमॅटिक’ने उलट मार्ग धरला : पडदा प्रकाशित व रंगीत, परंतु चित्रबिंदू मूळचेच १६० × १४४, आणि विद्युत् पुरवठ्यासाठी पेन्सिल सेल. दुसऱ्या वर्गातील यंत्रे मुख्यतः चीनमध्ये तयार होतात. त्यांत भ्रमणध्वनीतील प्रक्रियकांसारखा प्रक्रियक असून जुन्या यंत्राचे वर्तन आज्ञावलीद्वारे हुबेहूब वठविले जाते. अँबर्निक व मियू या कंपन्यांची अशी अनेक यंत्रे १०० डॉलरच्या आत मिळतात आणि एकाच यंत्रावर अनेक जुन्या यंत्रांचे खेळ चालतात.

क्षमतेची वाण आता उरलेली नसल्याने तडजोडींचे स्थान बदलले आहे. ६४० × ४८० चित्रबिंदूंच्या पडद्यावर गेम बॉयचे चित्र तिप्पट, म्हणजे ४८० × ४३२ करता येते. सभोवती थोडी काळी चौकट राहते, पण प्रत्येक बिंदू सारखा दिसतो. त्याच पडद्यावर गेम बॉय ॲडव्हान्सचे २४० × १६० चे चित्र पूर्ण रुंदीस ताणल्यास गुणक २.६७ येतो, बिंदू लहानमोठे होतात आणि रेषा ओबडधोबड दिसतात. दुप्पटच ठेवल्यास पडद्याचा बराच भाग वाया जातो. म्हणून सर्व यंत्रांचे खेळ चालविणारा पडदा कोणत्याही एका यंत्रास पुरता न्याय देत नाही. कळ दाबणे व पडद्यावर परिणाम दिसणे यांतील विलंब, दिशादर्शक कळेची घडण, हातातील तोल हे गुण प्रक्रियकाच्या वेगाच्या आकड्यांत दिसत नाहीत. खेळताना मात्र प्रथम तेच जाणवतात. अशा स्वस्त यंत्रांवरील खेळांच्या प्रती पुष्कळदा हक्कधारकांच्या परवानगीवाचून वापरल्या जातात, हाही त्यांच्या अल्प किंमतीचा एक न सांगितला जाणारा भाग होय.

भारतात गेम बॉयचा प्रसार मर्यादित राहिला. १९९० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील शहरांत व जत्रांतील दुकानांत जे हस्तयंत्र घरोघर पोहोचले ते ‘ब्रिक गेम’ होय. हे चिनी बनावटीचे असून १० × २० चौकटींच्या पडद्यावर टेट्रिससारखे खेळ दाखवी. प्रकाश नाही, रंग नाही, खेळ बदलण्याची सोय नाही. तरी दोन पेन्सिल सेलवर ते दीर्घकाळ चाले व सामान्य कुटुंबास परवडे. योकोई यांच्या सूत्राचे हे अधिक टोकाचे रूप म्हणता येईल. अनेक मराठी भाषकांच्या बालपणीच्या आठवणी गेम बॉयशी नव्हे, तर या निनावी यंत्राशी निगडित आहेत.

खेळयंत्रांची परीक्षा करताना वेग, रंग व चित्रबिंदू यांचे आकडे प्रथम पुढे येतात, कारण ते मोजण्यास व छापण्यास सोपे असतात. गेम बॉयच्या इतिहासावरून ते निरुपयोगी ठरत नाहीत. घटांचे तास व शंभर तासांचा खर्च हेही अखेर आकडेच आहेत. फरक एवढाच, की हे दुसरे आकडे यंत्र दुकानात नव्हे तर वापरात असताना मोजावे लागतात. कोणते यंत्र श्रेष्ठ, या प्रश्नास ते कोठे, किती वेळ व कोणाच्या खर्चाने चालवावयाचे हे ठरविल्याखेरीज उत्तर देता येत नाही.